आढ्यवात : अंगठ्यातल्या एका दुखण्याचा इतिहास



पायाच्या अंगठ्याचे दुखणे हा साहित्य संस्थेच्या व्याख्यानाचा विषय कसा, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. परंतु माणसे रोगाला नाव देतात तेव्हा त्या नावात कोणाला तरी दोष देतात, कोणाला तरी मोठेपणा देतात, आणि तो दोष किंवा मोठेपणा पुढे शेकडो वर्षे टिकतो. गाउट या रोगाच्या बाबतीत असे झाले. आजही या शहरात एखाद्याचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला, तर शेजारीपाजारी आधी विचारतात ते त्याच्या खाण्यापिण्याबद्दल. हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे आणि त्याची उत्तरे कशी बदलत गेली ते आज सांगायचे आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २९ वा अध्याय वातरक्तावर आहे. तिथे या व्याधीला आणखी नावे दिली आहेत: खुड, वातबलास आणि आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान. श्रीमंतांचा वात. हा रोग कोणाला होतो, तर नाजूक प्रकृतीच्या, सुखात लोळणाऱ्या, खाण्यापिण्यात धरबंध नसलेल्या आणि चालणे सोडून दिलेल्या माणसांना, असे आपले जुने वैद्य सांगतात. तो हातापायांत मूळ धरतो आणि उंदराच्या विषासारखा हळूहळू अंगभर पसरतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. वातरक्त म्हणजे सरसकट आजचा गाउट असे मी म्हणणार नाही. त्या वर्णनात त्वचेचे विकारही मिसळलेले आहेत आणि जुन्या शब्दावर नवा रोग चिकटवण्याची घाई आपल्याकडे फार होते. पण ‘आढ्य’ हा शब्द लक्षात ठेवा. (मराठीत ‘राजरोग’ हा शब्द क्षयाने आधीच अडवून ठेवला आहे, नाहीतर तोही याच रोगाकडे गेला असता.)

ग्रीकांनी या दुखण्याला पोडाग्रा म्हटले. म्हणजे पाय पकडणारा. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत तीन निरीक्षणे आहेत: षंढांना गाउट होत नाही, स्त्रीला पाळी थांबेपर्यंत होत नाही, आणि मुलग्याला स्त्रीसंग घडेपर्यंत होत नाही. तिसऱ्यात नीतिशास्त्र डोकावते, परंतु पहिली दोन किती बारकाईची आहेत पाहा. पाळी चालू असेपर्यंत स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन मूत्रपिंडाकडून युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पाळी गेल्यावर हे संरक्षण ओसरते. म्हणूनच साठीच्या बाईच्या सुजलेल्या बोटांना ‘वयाचा वात’ म्हणून सोडून देणे धोक्याचे असते.

‘गाउट’ हा शब्द लॅटिन ‘गुट्टा’वरून आला. गुट्टा म्हणजे थेंब. दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो, ही मध्ययुगीन युरोपाची कल्पना. औषध मात्र त्याच्याही आधीपासून हाताशी होते. सहाव्या शतकात ट्रॅलिसच्या अलेक्झांडर या वैद्याने सांधेदुखीवर एक कंद सांगितला. तोच आपल्या युनानी हकिमांचा सुरंजान. गाउटला ते निक्रिस म्हणतात, आणि चारमिनारच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या औषधांच्या दुकानात आजही माजून सुरंजान मागा, मिळेल. सुरंजानात कोल्चिसीन हे द्रव्य असते. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही आहे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी ही विषारी वेल भांडणे लावणाऱ्या माणसाला आपले नाव देऊन बसली. तिच्या बियांतून काढलेले द्रव्य जगभरच्या गाउटवाल्यांच्या कळा थांबवते, हा भाषेचा खट्याळपणाच म्हणायचा. कोणी घरच्या घरी प्रयोग करू नये. कोल्चिसीनची औषधी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत फार अंतर नाही, आणि या वेलीने माणसे दगावली आहेत.

आता श्रीमंतांकडे वळू. इकडे गोवळकोंड्यात कुतुबशाही नुकती उभी राहत होती, त्या सुमारास युरोपात पाचवा चार्ल्स सम्राट झाला. स्पेन, नेदरलँड्स, इटलीचा बराच भाग आणि अमेरिकेतले नवे मुलूख त्याच्या अमलाखाली होते. त्याला मांस आणि बिअर यांचा सोस होता. वैद्यांनी पथ्य सांगावे आणि सम्राटाने ते मोडावे, असा क्रम आयुष्यभर चालला. तरुणपणीच सुरू झालेला गाउट वाढत गेला. १५५२ साली मेट्स शहराच्या वेढ्याच्या वेळी त्याने सम्राटाला जेरीस आणले होते. १५५५ च्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सच्या दरबारात तो राज्यत्याग करायला आला, तेव्हा त्याला तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पुढे युस्तेच्या मठात, दुखरा पाय ठेवण्याची सोय असलेल्या एका खास खुर्चीत बसून, १५५८ साली मरण येईपर्यंत त्याने दिवस काढले.

त्याच्या बोटाचे एक पेर, बहुधा करंगळीचे, धर्मावशेषासारखे वेगळे जपले गेले. चारशेहून अधिक वर्षांनी स्पॅनिश संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: हाड पोखरून गेलेले होते आणि त्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक भरलेले होते. इतिहासकार दरबारी बखरींवर विसंबून वर्षानुवर्षे वाद घालतात. इथे पुरावा हाडातच होता.

असे रोगी पाहिल्यावर गाउट मोठ्या लोकांचाच, ही समजूत घट्ट झाली नसती तरच नवल. सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम स्वतः या रोगाने अनेक वर्षे गांजलेला होता. १६८३ च्या ग्रंथात त्याने केलेले झटक्याचे वर्णन आजही वैद्यकीय वर्गात सांगतात. धडधाकट झोपलेला माणूस पहाटे दोनच्या सुमारास अंगठ्याच्या कळेने जागा होतो. कळ वाढत जाऊन अशी होते की पांघरुणाचा भार सोसत नाही आणि खोलीतून कोणी चालले तरी सहन होत नाही. याच ग्रंथात त्याने स्वतःची समजूतही घातली आहे: हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक मारतो. पुढच्या शतकात हे दुखणे जवळजवळ मानचिन्ह झाले. लेखक होरेस वॉलपोलसारख्या माणसाला वाटे की गाउट अंगात असला की दुसरे रोग जवळ फिरकत नाहीत. ही कल्पना वस्तुस्थितीच्या नेमकी उलट होती, पण ते कळायला दोनशे वर्षे लागली.

मानचिन्हाला पहिला तडा रसायनशास्त्राने दिला. १७७६ साली स्वीडनमध्ये शेले याने मूतखड्यातून एक आम्ल वेगळे केले, तेच पुढे युरिक ॲसिड ठरले. १७९७ साली वोलॅस्टनने गाउटच्या गाठीत तोच पदार्थ दाखवला. लेवेनहुकने तर १६७९ मध्येच अशा गाठीतल्या खडूसारख्या पदार्थात बारीक काड्या पाहिल्या होत्या, पण त्या कशाच्या हे सांगायला तेव्हा रसायन नव्हते. मग १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने गाउटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले दाखवले. पुढे त्याने दवाखान्यात करता येईल अशी एक चाचणी काढली: रक्तातला पातळ द्रव काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकायचे, तागाचा एक दोरा सोडायचा आणि एकदोन दिवस ठेवून द्यायचे. रक्तात युरिक ॲसिड जास्त असेल तर खडीसाखरेच्या दोऱ्यावर चढावेत तसे दोऱ्यावर स्फटिक चढत. रक्तातल्या एखाद्या रासायनिक द्रव्यावरून रोग ओळखण्याच्या अगदी पहिल्या चाचण्यांपैकी ही एक. रोज सकाळी उपाशीपोटी रक्त देणाऱ्या आपल्या पिढीने या दोऱ्याला एकदा नमस्कार करायला हरकत नाही.

गॅरॉडची मला त्याहून महत्त्वाची वाटणारी नोंद वेगळीच आहे. त्याच्या रुग्णालयातल्या गाउटच्या रोग्यांत बरेच जण नळकाम करणारे आणि रंगारी होते. त्यांचा शिशाशी रोज संबंध येई. शिसे मूत्रपिंडाला इजा करते, आणि युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडाचे. म्हणजे सरदारांच्या बैठकीत मिरवणारा हा रोग त्याच शहरातल्या मजुरांच्या पायांतही होता. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत, एवढाच फरक.

इथे एक आपला माणूस या कथेत येतो. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन मुहम्मद कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडला गेला, आणि इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला भारतीय ठरला. पुढे ब्रायटनच्या समुद्रकाठी त्याने वाफेचे स्नान आणि चंपी यांचे स्नानगृह चालवले. ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजीत आपल्या चंपीवरूनच गेला. सांधे धरलेली बडी मंडळी तिथे येत. गाउटने त्रस्त असलेला राजा चौथा जॉर्ज त्याचा आश्रयदाता होता. या दीन मुहम्मदाचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद लंडनच्या गाय्ज रुग्णालयात डॉक्टर झाला. आजोबा गाउटवाल्यांचे सांधे चोळत, तर नातू त्यांची नाडी मोजत होता. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र घेऊन त्याने तरुण, वरकरणी निरोगी माणसांतही रक्तदाब वाढलेला असतो हे दाखवले. १८७९ च्या सुमारास त्याने नोंदवले की अशा माणसांपैकी अनेक जण गाउट असलेल्या घराण्यांतले आहेत. ज्या काळी रक्तदाब मोजण्याचा आजचा पट्टाही नव्हता, त्या काळी सांध्याचा रोग आणि रक्तवाहिन्यांचा रोग यांच्यामधला धागा या माणसाने पकडला. १८८४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, विषमज्वराने तो गेला. त्याचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवे होते.

धागा मात्र सुटला, आणि त्याला काही अंशी त्याच काळातला अतिरेक जबाबदार आहे. लंडनचा डॉक्टर अलेक्झांडर हेग याने १८९२ च्या ग्रंथात अर्धशिशीपासून बहुतेक सगळ्या रोगांचे खापर युरिक ॲसिडवर फोडले आणि त्याविरुद्ध एक आहारपंथच काढला. मांसाबरोबर डाळी आणि कडधान्येही त्यात निषिद्ध होती. गांधीजींनी आरोग्यावरच्या लिखाणात याच हेगचा हवाला देऊन डाळींना दोष दिला. आपल्या घरांत गाउट निघताच आधी खट्टी दाळ आणि उसळ बंद होते, त्या पथ्याच्या मुळाशी असा शंभर वर्षांचा सल्ला आहे. २००४ साली अमेरिकेत हजारो पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेऊन झालेल्या अभ्यासात मांस, मासे आणि विशेषतः बिअर यांनी गाउटचा धोका वाढलेला दिसला. डाळी-भाज्यांनी वाढलेला दिसला नाही आणि दूधदुभत्याने तर कमी झालेला दिसला. तरी वरण आजही पहिला आरोपी ठरते आणि पाया-निहारी मात्र ‘सणापुरती’ म्हणून निर्दोष सुटते.

सगळेच युरिक ॲसिडमुळे म्हणणाऱ्यांचा बोजवारा उडाला, तेव्हा युरिक ॲसिडच बदनाम झाले. १८९९ मध्ये माक्स फ्रॉयडवायलर याने युरेटचे स्फटिक टोचले की दाह उठतो हे दाखवले होते. ते साठ वर्षे कोणी वाचले नाही. शेवटी १९६१ साली अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी सुजलेल्या सांध्यातले पाणी काढून ध्रुवित प्रकाशाखाली पाहिले आणि त्यात चमकणाऱ्या सुया सापडल्या. त्या सुया दाहाचे कारण की नुसता गाळ, हे ठरवायचे राहिले होते. १९६२ साली मॅकार्टी आणि त्याचा सहकारी फेअर्स यांनी स्फटिक कुत्र्यांच्या सांध्यांत टोचले आणि मग स्वतःच्या गुडघ्यांतही टोचून घेतले. काही तासांत दोघांना गाउटचा खरा झटका आला. सिडनहॅमच्या वर्णनाची सत्यता त्यांना मुद्दाम तपासावी लागली नाही.

त्याच दशकात गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ॲलोप्युरिनॉल आले. मूळ शोध चालला होता रक्ताच्या कर्करोगाचे औषध शरीरात टिकवण्यासाठी. पण युरिक ॲसिड बनवणाऱ्या एन्झाइमला हे द्रव्य अडवते हे लक्षात आले आणि १९६६ पासून ते गाउटसाठी मिळू लागले. एलियनला डॉक्टरेट नव्हती. १९८८ मध्ये तिला नोबेल मिळाले.

आता सुईचे कोडे सुटले, पण एक प्रश्न उरला. निर्जीव स्फटिकाला शरीर इतके का भडकते? २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये फाबियो मार्टिनॉन आणि युर्ग चॉप यांच्या गटाने उत्तर दिले. पांढरी पेशी स्फटिक गिळते, तेव्हा तिच्या आत काही प्रथिने एकत्र येऊन एक यंत्रणा जुळते. तिला इन्फ्लमासोम म्हणतात. ही यंत्रणा इंटरल्यूकिन-१ नावाचा संदेश मोकळा सोडते आणि मग पेशींची फौजच्या फौज त्या सांध्यावर चाल करून येते. वेदना स्फटिकाच्या टोकामुळे होत नाही. आपल्याच संरक्षकांच्या या धावपळीमुळे होते. पण स्फटिक सांध्यात वर्षानुवर्षे गप्प पडून असतात, मग झटका नेमका लग्नाच्या जेवणानंतरच का येतो? २०१० साली नेदरलँड्समधल्या प्रयोगांत दिसले की नुसत्या स्फटिकांनी पेशी फारशा पेटत नाहीत. सोबत मोकळी स्निग्धाम्ले असली की भडका उडतो. भरपेट जेवणाने आणि मद्याने रक्तात हीच स्निग्धाम्ले वाढतात.

इथे सांधा आणि चयापचय एकत्र येतात, आणि फ्रेडरिक मोहम्मदाचा सुटलेला धागा पुन्हा हाती लागतो. खरे तर मध्ये दोघांनी तो उचलला होता: १९२३ मध्ये स्वीडनच्या किलिनने रक्तदाब, रक्तातली साखर आणि युरिक ॲसिड ही तिन्ही एकत्र वाढतात असे लिहिले, आणि १९४७ मध्ये मार्सेयच्या जाँ व्हाग याने पोटाभोवतीच्या चरबीचा संबंध मधुमेहाशी आणि गाउटशी लावला. जेराल्ड रीव्हनने १९८८ मध्ये या घोळक्याच्या मुळाशी इन्सुलिनला न जुमानणारे शरीर आहे असे मांडले. अशा शरीरात इन्सुलिन वाढते, आणि वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड धरून ठेवायला लावते. त्यात साखरेच्या शीतपेयांची भर पडते, कारण त्यांतली फळसाखर यकृतात जळताना युरिक ॲसिड तयार होते. म्हणजे आज आढ्यवात होण्यासाठी आढ्य असण्याची गरज उरलेली नाही. हातगाडीवरची रंगीत बाटली आणि दिवसभराची खुर्ची पुरते. चरकांनी ज्याला चालणे सोडलेला माणूस म्हटले, तो आता कोणत्याही कचेरीत सापडतो.

माझे मत सांगतो. जुन्या वैद्यांचे निरीक्षण बरोबर होते, त्यांनी लावलेला दोष चुकीचा होता. खादाडपणाने गाउट होतो, हे म्हणणे सोपे असते. पण मूळ वाटा अनुवंशाचा आणि मूत्रपिंडाचा आहे. आपल्या पूर्वजांनी, माकडांपासून फुटलेल्या शाखेत, युरिक ॲसिड मोडणारे एन्झाइमच काही कोटी वर्षांपूर्वी गमावले. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते आहे. शिवाय लघवी वाढवणाऱ्या काही रक्तदाबाच्या गोळ्याही युरिक ॲसिड चढवतात. लाजेने माणूस डॉक्टरकडे जात नाही, दुकानातून वेदनाशामक घेतो, आणि तेच वेदनाशामक आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला आणखी मारते. झटक्याच्या दिवशी रक्त तपासले तर युरिक ॲसिड कधी कधी सामान्यच येते, आणि तो ‘गाउट नाही’ म्हणून निश्चिंत होतो. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत, जुने साठे विरघळताना, झटके उलट वाढू शकतात. तेवढ्याने औषध सोडणारे कितीतरी. खरे तर पातळी ६ च्या खाली ठेवली तर स्फटिक विरघळत जातात. गाठी झिजायला महिने, कधी वर्षे लागतात, पण झिजतात.

अंगठा हे नुसते पहिले दार आहे. गाउट असलेल्या माणसात रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, त्यामुळे पाय दाखवायला आलेल्याचा दाब आणि साखर तपासणे हे कामच ठरते. युरिक ॲसिड स्वतः हृदयाचा गुन्हेगार आहे की गुन्ह्याच्या जागी नेहमी दिसणारा साक्षीदार, याचा निकाल लागलेला नाही. हृदयरोग असलेल्या पण गाउट नसलेल्या लोकांना ॲलोप्युरिनॉल देऊन ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत, २०२२ साली, हृदयाला फायदा दिसला नाही. दाहाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. इंटरल्यूकिन-१ रोखणाऱ्या एका औषधाची २०१७ मध्ये हृदयरोग्यांवर चाचणी झाली. हृदयविकाराचे झटके कमी झाले, आणि त्याच रोग्यांत गाउटचे झटकेही निम्म्याहून कमी झाले. मग संशोधकांनी त्याच दाहावर चालणारे स्वस्त, जुने औषध हाती घेतले: कोल्चिसीन. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत त्याच्या लहान मात्रेने हृदयरोग्यांना फायदा झाला. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयासाठी मान्यता दिली. २०२४ च्या, सुमारे सात हजार रोग्यांच्या चाचणीत मात्र हृदयविकाराच्या झटक्यानंतर तसा लाभ दिसला नाही. वाद चालू आहे. अलेक्झांडरने सुजलेल्या पायासाठी सांगितलेला तो कंद चौदाशे वर्षांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावर आला आहे, आणि कळलावीच्या बिया तमिळनाडूच्या शेतांतून पोत्यांनी निघत आहेत.